तेल बदललं, तरी पॉवर स्टिअरिंगचा आवाज परत का आला? फुलेवाडीतल्या एका इनोव्हाचं प्रकरण

गाडी २०१२ची डिझेल इनोव्हा, पिवळ्या पाटीची, दुसऱ्या हातची. मालक माझे साडू. कोल्हापूरच्या फुलेवाडीत राहतात. वयानं मोठे म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. गाडी गणपतीपुळं, गोवा, जोतिबा-पन्हाळा अशा भाड्यांवर असते, लग्नसराईत वऱ्हाड नेते. म्हणजे घाट भरपूर, आणि घाटात स्टिअरिंगनं नखरे केलेले परवडत नाहीत.

तक्रार अशी होती. सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून घुंईऽऽ असा आवाज यायचा. रेस वाढवली की तो चढायचा, वळवताना आणखी चढायचा. जागेवर गाडी वळवताना स्टिअरिंग जड लागायचं, मध्येच एकदम हलकं व्हायचं, परत जड. स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं टोपण उघडलं तर वर फेस. गळिताचा हंगाम सुरू झाला आणि हे सगळं अंगावर यायला लागलं, कारण गगनबावडा रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत जायचं म्हणजे सारखं स्टिअरिंग मारणं आलंच.

प्रकरण माझ्याकडं येईपर्यंत दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एका ओळखीच्या पोरानं डबीतलं जुनं तेल उपसून नवं भरून दिलं होतं. आवाज थांबला. थोडे दिवस बरे गेले आणि आवाज परत आला. मग अण्णांनी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथं बॉनेट उघडून, आवाज ऐकून निकाल मिळाला: "पंप गेलाय. रॅक पण घ्या करून, परत परत खोलायला नको." रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दातेरी दांड्याचा भाग. दोन्हीचा आकडा तीस हजारांच्या पुढं.

"पावणं, तुमचं ते कारखान्यातलं डोकं जरा हितं चालवा की," असं अण्णांचं म्हणणं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. गाड्यांचा मिस्त्री नव्हे, पण मोल्डिंग मशीनचे हायड्रॉलिक पॉवर पॅक रोज हाताखालून जातात. पंप, टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर हेच गाडीतही असतं, फक्त छोटं. त्यामुळं मला पहिल्यांदा खटकलं ते आवाजाचं थांबणं. पंपाच्या आतली झीज तेल बदलून थांबत नाही. आवाज जाऊन परत येतो, तेव्हा तेलात काहीतरी नव्यानं मिसळत असतं. बहुतेक वेळा ती हवा असते.

हवा शिरते तिथं तेल गळत नाही

इंजिनच्या पट्ट्यावर व्हेन पंप, म्हणजे पात्यांचा पंप, फिरतो. तो डबीतून तेल ओढतो आणि दाबाच्या नळीतून रॅकवरच्या व्हॉल्व्हकडं ढकलतो. आपण स्टिअरिंग फिरवलं की आतला टॉर्शन बार, म्हणजे बारीक सळई, किंचित पिळला जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला पिस्टनला तेलाचा जोर मिळतो. काम झालेलं तेल परतीच्या नळीनं डबीत येतं. सगळं मिळून लिटरभर तेल, तेच तेच फिरत राहतं.

यात दाबाची बाजू गळली तर जमिनीवर डाग पडतो आणि कुणालाही कळतं. डबीपासून पंपापर्यंतची नळी मात्र ओढीची असते. इंजिन चालू असताना तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तिथं सांधा सैल असेल तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली डाग नाही, डबीतली पातळीही फारशी उतरत नाही, म्हणून त्या सांध्याकडं कुणी बघतच नाही. कारखान्यात नव्या पोरांना हे पटवून द्यायला वेळ लागतो. गळती म्हणजे ओलं दिसायला पाहिजे, असं डोक्यात बसलेलं असतं.

तेलात हवा मिसळली की त्याचा जोर मऊ पडतो, त्यामुळं स्टिअरिंग जड-हलकं होतं. हे बुडबुडे पंपात जाऊन दाबाखाली फुटतात, तोच घुंई आवाज. हे फार दिवस चाललं तर पंप खरोखरच जातो. म्हणजे गॅरेजवाल्याचं भाकीत पुढंमागं खरं ठरलं असतं.

तपासणी

आधी साध्या गोष्टी. पुढच्या चाकांतली हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहिली, ठीक होती. जड स्टिअरिंगची निम्मी प्रकरणं पंक्चरवाल्याकडंच मिटतात असं माझं मत आहे. पट्टा बघितला, चकाकी नाही, चिरा नाहीत. पट्टा घसरला तर चींऽ असा कर्कश आवाज येतो, तोही स्टिअरिंग टोकाला नेल्यावर. इथला आवाज वेगळा होता, रेसबरोबर चढणारा.

मग पातळीची परीक्षा. टोयोटाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ती दिलेली आहे आणि घरी करण्याजोग्या तपासण्यांत माझ्या मते हिच्यासारखी दुसरी नाही. इंजिन गरम करायचं, आयडलला ठेवून डबीतली पातळी बघायची. इंजिन बंद करायचं, थोडी मिनिटं थांबून परत बघायची. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर चढली तर तेलात हवा आहे. पंप चालू असताना दाबाखालच्या भागातली हवा चेपलेली असते. पंप थांबला की ती फुगते आणि तेलाला डबीकडं ढकलते. डबीच्या अंगावर मी स्केचपेननं दोन रेघा मारल्या. दोन रेघांत बोटाचं पेर सहज मावत होतं.

"म्हंजे पंप गेला न्हाई?"

"अजून न्हाई, अण्णा. पण त्येच्या पोटात वारं चाललंय."

कोल्हापुरात जुनी गाडी म्हटली की एक प्रश्न टळत नाही: २०१९च्या ऑगस्टात नाहीतर २०२१च्या जुलैत ही पुराच्या पाण्यात उभी होती का? अण्णांनी घेताना विचारलं होतं, विकणाऱ्यानं नाही म्हटलं होतं. पण हवेनंही तेल दुधाळ दिसतं आणि पाण्यानंही, म्हणून खात्री करून घेतली. सिरिंजनं डबीतलं थोडं तेल काढून काचेच्या बाटलीत ठेवलं. हवा असेल तर तेल बसल्या जागी तळाकडून वर निवळत जातं, पाणी मिसळलं असेल तर दुधाळपणा तसाच राहतो. आमचं तेल निवळलं. तरी कारखान्यातली सवय म्हणून दुसरीही चाचणी केली. पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर चांगला तापवून, स्टोव्ह बंद करून, त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. पाणी असेल तर तडतडतं. हे अंगणात, वाऱ्याला पाठ करून आणि थेंबभरच तेलानं करायचं. आमच्या मेव्हणीबाईंनी जुना तवा द्यायला साफ नकार दिला म्हणून पत्रा घ्यावा लागला, तो पुरला. तडतड नाही. तेलात पुराचं पाणी नव्हतं, विकणारा खरं बोलला असावा.

निवळलेल्या तेलाचा रंग मात्र बघण्यासारखा होता. या गाडीला लागणारं तेल मुळात लाल असतं. हे उसाच्या मळीसारखं काळं झालं होतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पसरू दिला, तर मध्ये बारीक काळी कणी राहिली. कागदाखाली चुंबक फिरवलं, कणी हलली नाही. उन्हात धरली, चमकली नाही. लोखंडाची झीज असती तर चुंबकाला लागली असती, ॲल्युमिनियम असतं तर चमकलं असतं. मग उरतं रबर: नळ्यांचा आतला थर वयानं सुटतो आणि तेलात फिरत राहतो. पंपाच्या बाजूनं ही चांगली बातमी होती, नळ्यांच्या बाजूनं वाईट.

रॅकचे दोन्ही बूट, म्हणजे टोकाचे रबरी भाते, खालून बघितले. आतलं सील गेलं असेल तर तेल बुटात साठतं. क्लिप सैल करून बूट थोडा मागं सारला. डावा कोरडा. उजव्यात बोटाला ओलसरपणा लागला, पण थेंब नाही. एवढ्यावरून मी रॅक बदलणार नाही.

शेवटची चाचणी ग्रीसची. इंजिन बंद ठेवून ओढीच्या नळीच्या डबीकडच्या सांध्याला घट्ट ग्रीस चोपडलं, हात बाहेर काढले, मग इंजिन सुरू केलं. आवाज तसाच. इंजिन बंद करून पंपाकडच्या सांध्याला चोपडलं. सुरू केल्यावर घुंई खाली आली. पूर्ण गेली नाही, पण अण्णांनाही फरक कळला. इंजिन चालू असताना तिथं हात घालू नका. या गाडीचा पंखा इंजिनवरच फिरतो आणि पट्टाही शेजारीच असतो.

ग्रीस पुसून टॉर्च धरून बघितलं. पंपाच्या तोंडावर नळीची स्प्रिंगची क्लिप पार ढिली झाली होती, बोटानं फिरत होती. नळीचं टोक लाकडासारखं कडक, कडेला केसाएवढ्या चिरा. सांध्याभोवती धुळीचा ओलसर काळा थर जमला होता. गाडी बंद असताना डबीतल्या तेलाचं वजन त्या सांध्यावर येतं आणि कणभर तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते. एवढीच खूण बाहेरून दिसत होती.

दोष गाडीचा नाही, रबराचं वय झालं. आधीच्या तेलबदलानं आवाज का थांबला आणि परत का आला, तेही इथं जुळलं. नवं तेल बिनहवेचं होतं, आणि चिरेतून ते हळूहळू परत हवेनं भरलं.

तेल कुठलं घ्यायचं

हा भाग लोक सगळ्यात सहज घेतात आणि सगळ्यात महाग पडतो तोच.

पहिली गोष्ट, आपल्या गाडीत हे तेल आहे का ते बघा. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते. तिथं डबीही नसते आणि तेलही. जुनी इनोव्हा, बोलेरो, स्कॉर्पिओ, सँट्रो झिंग अशा गाड्यांत हायड्रॉलिक असतं.

इनोव्हाला डेक्स्रॉन २ किंवा ३ प्रकारचं एटीएफ चालतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. डेक्स्रॉन हे मानक जनरल मोटर्सचं. डेक्स्रॉन ३चे परवाने त्यांनी २००६च्या शेवटी बंद केले, त्याच्या जागी डेक्स्रॉन ६ आणलं होतं. त्यामुळं आज दुकानात मिळणाऱ्या डब्यावर "डेक्स्रॉन ३च्या दर्जाचं" असा मजकूर असतो, तो तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. म्हणून नाव असलेल्या कंपनीचं आणि सीलबंदच घ्यावं. होंडाच्या जुन्या गाड्यांना त्यांचं वेगळं तेल लागतं, काही युरोपी गाड्यांना हिरवं. टोपणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचायचं. लाल दिसतं म्हणून सगळं लाल एक नसतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या मंडळींना एक मोह असतो, तो मला चांगला ठाऊक आहे: कारखान्यातलं ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल. फुकट, स्वच्छ, आणि "हायड्रॉलिकच आहे की." पण ६८ हा आकडा ४० अंशाला असलेल्या त्याच्या दाटपणाचा असतो. एटीएफचा तोच आकडा साधारण ३५च्या आसपास, म्हणजे निम्मा. जानेवारीच्या सकाळी ते जाड तेल त्या बारीक नळीतून ओढायला लावलं तर पंप उपाशी राहणार आणि जो आवाज घालवायचा तोच वाढणार.

ब्रेक ऑइल तर अजिबात नाही. ते ग्लायकॉलचं असतं, स्टिअरिंगच्या सील्स फुगून मऊ पडतात आणि मग रॅक खरंच बदलावा लागतो. उलटही तेवढंच वाईट: हे लाल तेल ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकची रबरं जातात. बॉनेटखाली दोन्ही डब्या अंधारात सारख्याच दिसतात. अण्णांच्या पोराला, म्हणजे आमच्या भाच्याला, मी ब्रेकच्या डबीवर चिकटपट्टी लावायला सांगितली ती उगीच नाही.

नळी मात्र उद्यमनगरात मीटरवर कापून घ्यायचा विचार सोडून दिला. तिथं तेलाची चांगली नळी मिळते, पण इथली नळी साच्यातली वळणाची आहे. सरळ नळी त्या जागेत वाकवली तर चेपते, आणि चेपलेली ओढीची नळी म्हणजे परत तोच रोग. पाण्याची रेडिएटरची नळी वापरणारेही बघितलेत. तिचं रबर तेलात फुगतं. म्हणून कंपनीची साच्यातली नळी मागवली. क्लिपा स्क्रूच्या, नव्या. तेल तीन लिटर.

काम

क्रम ठरवला तो असा: आधी हवेची वाट बंद, मग डबी साफ, मग तेल. उलट केलं असतं तर नवं तेल परत फेसाळलं असतं आणि अण्णा म्हणाले असते, पावण्यानंबी तेच केलं.

गाडी पोर्चमध्ये घेतली. तिथं शहाबादी फरशी. जॅक स्टँडचा पाय थेट फरशीवर ठेवला तर ती तडकते आणि स्टँड कलतो. म्हणून खाली जाड फळ्या टाकल्या. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढचा भाग उचलून चॅसीच्या फ्रेमखाली दोन्ही बाजूंना स्टँड दिले आणि गाडी हातानं हलवून बघितली. गाडी दीड टनाच्या वर. नुसत्या जॅकवर तिच्याखाली कुणी जायचं नाही, मग मिस्त्री असो की पावणा. पुढची चाकं अधांतरी हवीत, कारण पुढचं सगळं काम इंजिन बंद ठेवून हातानं स्टिअरिंग फिरवून करायचं आहे.

सिरिंजनं डबी उपसली. पट्ट्यावर तेल पडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली. नळ्या सोडवून डबी बाहेर काढली. तळाला प्लास्टिकच्या चौकटीत बारीक जाळी असते, ती काळ्या गाळानं भरलेली होती. दुसरं कारण हेच. जाळी तुंबली की पंपाला जास्त ओढून घ्यावं लागतं, ओढ वाढली की सगळ्यात कमकुवत सांध्यातून हवा येते. चीर होतीच, तुंबलेल्या जाळीनं तिला कामाला लावलं. डबी डिझेलनं खळबळून धुतली, जाळी उलट बाजूनं हवेनं फुंकली, पूर्ण वाळू दिली आणि शेवटी थोड्या नव्या तेलानं विसळून ते तेल टाकून दिलं. जाळी फाटलेली असती तर डबीच बदलावी लागली असती, ती चौकटीतून निघत नाही.

नवी ओढीची नळी बसवली, क्लिपा आवळल्या. डबी जागेवर लावली. परतीची नळी मात्र डबीला न जोडता तिला पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि तिचं दुसरं टोक खाली पाण्याच्या मोकळ्या बाटलीत सोडलं. हा तुकडा म्हणजे गवंड्याची लेव्हलची नळी, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यातून तेलाचा रंगही दिसतो आणि बुडबुडेही. डबीचं परतीचं तोंड रबरी बुचानं बंद केलं, नाहीतर भरलेलं तेल तिथूनच वाहून जातं.

अण्णा सीटवर, भाचा डबीपाशी तेल घेऊन, मी बाटलीपाशी. किल्ली एक टप्पा फिरवली, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप सुटतं. इंजिन बंदच.

"फिरवू का?"

"सावकाश. डावीकडं टोकापर्यंत. टोकाला दाबून धरू नका, लगेच माघारी."

चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की रॅकमधला पिस्टन तेल पुढं ढकलतो. पहिली धार काळी, तुटक, बुडबुड्यांसकट आली. भाच्याचं काम एकच: डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. ती रिकामी झाली तर पंप हवा ओढतो आणि सगळं परत पहिल्यापासून.

हे काम इंजिन चालू ठेवूनही करतात, झटपट होतं. मी घरी कुणाला तसा सल्ला देणार नाही. पंप मिनिटाला काही लिटर तेल फेकतो आणि डबीत मावतं जेमतेम पाव ते तृतीयांश लिटर. बाटली भरेपर्यंत डबी कोरडी पडलेली असते, आणि कोरडा फिरलेला व्हेन पंप लगेच घासतो. हातानं फिरवायला दंड दुखतात, एवढाच तोटा.

फिरवता फिरवता धार काळ्याची तपकिरी झाली, मग गढूळ लाल, आणि दुसरा लिटर संपत आला तेव्हा डबीत ओतायचं आणि नळीतून येणारं तेल एका रंगाचं दिसू लागलं. परतीची नळी डबीला जोडली, पातळी थंड इंजिनाच्या खुणेपर्यंत भरली.

आता हवा काढणं. आधी इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, परत परत. डबीत बुडबुडे येतात, पातळी उतरते, भर घालायची. बुडबुडे थांबले तेव्हा इंजिन आयडलला सुरू करून तेच. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरायचं नाही, तिथं पंप पूर्ण दाबावर जातो आणि तेल झपाट्यानं तापतं. लगेच आवाज आला म्हणून घाबरायचं कारण नाही. बारीक बुडबुडे निघायला वेळ लागतो. आम्ही गाडी खाली उतरवून, इंजिन बंद करून चहा घेतला आणि मग परत सुरू केली.

ज्याला नळी सोडायची नाही, ज्याच्या गाडीत आवाज नाही, नुसतं तेल जुनं झालंय, त्यानं सिरिंजची पद्धत घ्यावी. डबी उपसायची, भरायची, गाडी थोडी चालवायची, परत उपसायची. डबीत एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावतो असं धरलं, तर दर खेपेला जुन्याचे दोन तृतीयांश उरतं. चार खेपांनी जुनं सुमारे २० टक्के राहतं, सहा खेपांनी ९च्या आत. तेल तेवढंच, दोन लिटर लागतं. वेळ जास्त जातो, पण जॅक लागत नाही, नळी सुटत नाही, हवा आत जायची भीती नाही. एकाच खेपेत डबी बदलून "फ्लश केलं" म्हणणाऱ्याकडं दोन भाग जुनं तेल तसंच असतं, हे मात्र लक्षात ठेवावं.

निघालेलं जुनं तेल दोन लिटरच्या वर होतं. भाचा गटाराकडं बघत होता. आमच्याकडची गटारं नाल्यांना मिळतात, आणि जयंती नाल्यासारखे नाले पंचगंगेला. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांप्रमाणं घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या पिंपात ओतलं. तिथून ते उचलणारे घेऊन जातात. गॅरेजवाले एवढ्याला नाही म्हणत नाहीत.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनाला घुंई नव्हती. पातळीची परीक्षा परत केली, त्याच दोन रेघांनी. इंजिन बंद केल्यावर पातळी जेमतेम एक-दोन मिलिमीटर हलली. जागेवर वळवताना स्टिअरिंग एकसारखं हलकं. अण्णा ताबडतोब करूळ घाटानं कोकणात जायला निघाले होते, त्यांना आधी पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायला लावलं. परत आल्यावर सगळे सांधे कागदी रुमालानं पुसून बघितले, क्लिपा अर्धा आटा आणखी आवळल्या गेल्या. गरम-गार होऊन नवी नळी बसते, तेव्हा हे करावंच लागतं.

खर्च नळी, क्लिपा आणि तेल धरून गॅरेजच्या आकड्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. रोज दहा गाड्या असतात, आवाज पंपाचा येतो, पंप बदलला की नवा पंप आणि नवं तेल दोन्ही पडतं, बहुतेक वेळा नळीही त्याच हातानं बदलली जाते, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण जुनीच नळी नव्या पंपाला लावली असती, तर तीस हजारांनंतरही घुंई परत आली असती.

नवं तेल थोडे आठवडे चालल्यावर किंचित गडद झालं. नळ्यांच्या कानाकोपऱ्यात राहिलेला जुना गाळ सुटतोच. तिसऱ्या लिटरमधलं उरलेलं तेल त्यासाठीच ठेवलं होतं. सिरिंजनं एकदा डबी बदलली, आता रंग टिकून आहे. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हे तेल बदलायची मुदत दिलेली नसते, फक्त पातळी तपासा म्हणतात. घाटातल्या भाड्याच्या गाडीला मी दर दोन पावसाळ्यांनी सिरिंजची पद्धत करायला सांगितलीय. हा आकडा माझा, कंपनीचा नव्हे.

राहता राहिला उजवा बूट. आतला ओलसरपणा अजून आहे, वाढलेला नाही. दाबाच्या नळीचं रबरही त्याच वयाचं आहे, तिच्याकडं लक्ष ठेवून आहोत. ती फुगलेली किंवा ओली दिसली तर घरी हात लावायचा नाही, त्या नळीत ७०-८० बार आणि त्याहून जास्त दाब येतो. बुटात थेंब जमायला लागले तर रॅकच्या सील्सचं काम निघेल. त्यासाठी रॅक खाली उतरवावा लागतो आणि मग व्हील अलाइनमेंट आलं, म्हणजे गॅरेज आलंच. अण्णांना तेवढं सांगून ठेवलंय, आणि बूट बघायची खूण भाच्याला दाखवून ठेवलीय.